आमदार सभागृहात प्रश्न विचारतात, पुढं काय होतं? तारांकित, लक्षवेधी आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांची सविस्तर माहिती

अधिवेशन सुरू झालं की आपल्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात. आमदार उभे आहेत, हातात कागद आहे, समोर मंत्री आहेत. खाली लिहिलेलं असतं, ‘मंत्र्यांना धारेवर धरलं’. आपण बघतो, पुढं पाठवतो, दोन दिवसांनी विसरतो. पण त्या प्रश्नाला उत्तर काय आलं? ते कुणी लिहून दिलं? मंत्री ‘करतो’ म्हणाले, त्याचं पुढं काय झालं? हे फार कमी लोकांना माहीत असतं. खरं काम तर तिथंच असतं. म्हणून हा विषय पहिल्यापासून समजून घेऊ. अधिवेशनाच्या काळात जपून ठेवावी अशी ही माहिती आहे.

विचारायचा अधिकार येतो कुठून?

आपल्या राज्यघटनेच्या कलम १६४ प्रमाणे राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. म्हणजे मंत्री कितीही मोठा असला तरी आपण निवडून दिलेल्या सभागृहाला त्याला उत्तर द्यावंच लागतं. आमदार जे विचारतो ते उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून. कलम १९४ प्रमाणे आमदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. गावच्या पारावर जे बोलायला माणूस कचरतो, ते तिथं उघड बोलता यावं यासाठी हे संरक्षण आहे.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. दोन्ही सभागृहांत प्रश्न विचारता येतात. प्रश्न फक्त विरोधी पक्षानंच विचारायचा असं काही नाही. सत्ताधारी आमदारही आपल्याच सरकारच्या मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतातही.

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. नागपूरला अधिवेशन घेण्याचं मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये, असं घटना सांगते.

प्रश्नांचे प्रकार किती?

बातमीत जे शब्द येतात त्यांचा अर्थ सोप्या भाषेत असा:

तारांकित प्रश्न – यादीत या प्रश्नापुढं चांदणीची खूण असते, म्हणून तारांकित. याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात. उत्तर झाल्यावर आमदारांना उपप्रश्न विचारता येतात. तारांकितची खरी ताकद या उपप्रश्नात आहे. छापील उत्तर अधिकारी आधी तयार करून देतात, पण उपप्रश्नाला मंत्र्यांना उभ्या उभ्या बोलावं लागतं.

अतारांकित प्रश्न – याचं उत्तर फक्त लेखी मिळतं. टीव्हीवर दिसत नाही, म्हणून लोक याला कमी समजतात. पण आकडे, तारखा, रकमा, गावांच्या याद्या काढायच्या असतील तर हा प्रकार फार कामाचा. लेखी उत्तर हा कायमचा पुरावा असतो.

अल्पसूचना प्रश्न – विषय तातडीचा असेल तर नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी मुदतीत विचारलेला प्रश्न.

लक्षवेधी सूचना – सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणं. विधानसभेत ही नियम १०५ खाली, तर परिषदेत नियम १०१ खाली येते. मंत्री त्यावर निवेदन करतात आणि मग प्रश्न विचारले जातात. गारपीट, बोगस बियाणं, दवाखान्यातली दुर्घटना असे विषय बहुतेक वेळा इथं येतात.

अर्धा तास चर्चा – आधी दिलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर त्याच विषयावर जास्त वेळ मागून घेतलेली चर्चा.

औचित्याचा मुद्दा – एखादा विषय थोडक्यात सभागृहासमोर ठेवणं. यात मंत्र्यांनी तिथल्या तिथं उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नसतं. त्यामुळं ‘औचित्याचा मुद्दा मांडला’ आणि ‘उत्तर मिळालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा.

कपात सूचना – अर्थसंकल्पी मागण्यांच्या वेळी एखाद्या खात्याच्या रकमेत कपात सुचवून त्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवणं. पैसे कमी व्हावेत असा हेतू क्वचितच असतो. खात्याचे कान उपटायची ही एक रीत आहे.

प्रश्न गावातून मुंबईला जातो, आणि परत गावातच येतो

ही गोष्ट नीट वाचा, कारण इथंच सगळं घडतं आणि बिघडतं.

आमदार प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी विधानमंडळ सचिवालयाकडं देतात. तिथं तो नियमात बसतो का हे बघितलं जातं. विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला पाहिजे. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावर प्रश्न चालत नाही. प्रश्नात टोमणे, आरोप, भाषण चालत नाही. तो नेमका आणि मुद्द्याला धरून पाहिजे. सूचना भरपूर येतात आणि वेळ कमी असतो, म्हणून सगळेच प्रश्न स्वीकारले जात नाहीत. स्वीकारलेले सगळे तोंडी उत्तरापर्यंत पोचत नाहीत. लोकसभेचं बघा. तिथं दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. त्या वीसांतलेही सगळे तासाभरात होत नाहीत.

स्वीकारलेला प्रश्न मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडं जातो. विभागाला आपल्या गावची टाकी कुठं आहे हे ठाऊक नसतं. तो जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडं माहिती मागतो. जिल्हा तालुक्याकडं मागतो. तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा उपअभियंता खालच्या माणसाकडं मागतात. म्हणजे शेवटी तलाठी, ग्रामसेवक किंवा शाखा अभियंत्याकडं कागद येतो. त्यानं लिहिलेली माहिती त्याच वाटेनं वर चढते आणि मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात ऐकू येते.

आता लक्षात आलं का? ज्या कामाबद्दल तक्रार आहे, त्याच कामावरचा माणूस बऱ्याचदा उत्तराची पहिली ओळ लिहितो. मंत्री खोटं बोलले असं आपण म्हणतो, पण मंत्र्यांना जे लिहून दिलं तेच ते वाचतात. म्हणून आमदाराकडं खालून आलेल्या माहितीला उलटा जबाब देणारा गावचा कागद असणं फार गरजेचं आहे.

याची एक चांगली बाजूही आहे. प्रश्न लागला की तालुक्याला धावपळ सुरू होते. दोन वर्षं धूळ खात पडलेली फाईल बाहेर निघते, स्थळपाहणी होते, ठेकेदाराला फोन जातात. पुष्कळदा उत्तर सभागृहात यायच्या आधीच डीपी बदलला जातो किंवा रस्त्यावर खडी पडते. नुसता प्रश्न विचारल्यानं हलणारी कामं कमी नाहीत.

प्रश्न कसा लिहिलेला असतो?

विधानमंडळाच्या प्रश्नाची एक ठरलेली भाषा आहे. नमुना म्हणून बघा. गावाचं नाव मुद्दाम रिकामं ठेवलं आहे.

सन्माननीय पाणी पुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) मौजे ......, ता. ...... येथील जल जीवन मिशन अंतर्गत नळ पाणीपुरवठा योजनेचे काम विहित मुदतीत पूर्ण झालेले नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर कामाचा कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकास देण्यात आला व ठेकेदारास आजपर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली आहे;
(३) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता यातला पहिला मुद्दा बघा. समजा त्या जागी कुणी असं लिहिलं असतं – ‘गावाला पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय?’ मग अधिकाऱ्यानं सरळ लिहिलं असतं, ‘हे खरे नाही.’ कारण चार दिवसांआड का होईना, पाणी येतंच. आणि पहिल्याला ‘नाही’ आलं की खालच्या तिन्ही मुद्द्यांना एकच उत्तर मिळतं – ‘प्रश्न उद्भवत नाही.’ रागाच्या भरात लिहिलेला प्रश्न असा एका ओळीत संपतो. ‘मुदतीत काम पूर्ण झालेलं नाही’ असं विचारलं तर मुदतीची तारीख कागदावरच असते, तिथून पळायला वाट नाही. प्रश्न मोठ्या आवाजानं नाही, नेमकेपणानं पक्का होतो.

उत्तर कसं वाचायचं?

सरकारी उत्तरातले शब्द ठरलेले असतात. त्यांचा अर्थ असा घ्यावा:

‘हे खरे आहे’ – सरकारनं मान्य केलं. हा कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडा.

‘अंशतः खरे आहे’ – काही मान्य, काही नाही. कोणता भाग मान्य केला हे पुढच्या ओळींत शोधा.

‘हे खरे नाही’ – एक तर माहिती चुकीची गेली, किंवा प्रश्न ढिला होता. दोन्ही तपासा.

‘प्रश्न उद्भवत नाही’ – आधीच्या मुद्द्याला नकार आला म्हणून पुढचा आपोआप गळाला. याचा अर्थ चौकशी होऊन सगळं ठीक निघालं असा होत नाही.

‘कार्यवाही सुरू आहे’ – कुठल्या टप्प्यावर आहे आणि कधीपर्यंत होणार हे सांगितलेलं नाही. उपप्रश्न विचारायची जागा हीच.

‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ – अजून निर्णय नाही.

‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल’ – पैसे मंजूर नाहीत. पुरवणी मागण्यांत किंवा पुढच्या अर्थसंकल्पात त्या कामाचं नाव येतं का, यावर डोळा ठेवावा लागेल.

मंत्र्यांनी सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं सदस्याला वाटलं, तर तो हक्कभंगाची सूचना देऊ शकतो. त्यामुळं उत्तर लिहिणारे शब्द फार जपून वापरतात. आपणही तितकंच जपून वाचलं पाहिजे.

मंत्री ‘करतो’ म्हणाले, पुढं काय?

सभागृहात मंत्री म्हणतात, ‘चौकशी करू’, ‘महिनाभरात बैठक लावू’, ‘दोषींवर कारवाई करू’. हे नुसतं बोलणं नसतं, ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं. ते पाळलं का हे बघायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. संसदेत आश्वासन पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत धरतात, आणि पूर्ण झालं नाही तर सरकारला मुदतवाढ मागावी लागते.

टाळ्या ‘चौकशी करू’ या वाक्याला पडतात. पण तीन महिन्यांनी ‘चौकशीचा अहवाल कुठं आहे’ असं विचारणारा कुणी नसला तर आश्वासनाची फाईल तशीच पडून राहते. आमदारालाही रोज नवे विषय असतात. आठवण करून देणं हे गावाचं काम आहे.

आश्वासन समितीशिवाय आणखी काही समित्या आपल्या उपयोगाच्या आहेत. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून सरकारी खर्च तपासते. पंचायत राज समिती जिल्ह्यांत येऊन जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कारभार बघते. ही समिती येणार म्हटलं की कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, हे आपण बघतोच. रोजगार हमी योजनेच्या कामांसाठीही समिती आहे. आणि विनंती अर्ज समिती तर सामान्य माणसाच्या अर्जासाठीच आहे. आमदाराच्या मार्फत तिथं आपलं गाऱ्हाणं मांडता येतं.

कोणता प्रश्न कुणाला सांगायचा?

बऱ्याचदा आपण चुकीच्या दारात उभे राहतो. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, पोस्ट, कांदा-साखरेची निर्यातबंदी, आयात शुल्क हे केंद्राचे विषय. ते खासदारानं लोकसभेत किंवा राज्यसभेत विचारायचे. शेतीची वीज, एसटी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, जमिनीच्या नोंदी, पाटबंधारे, राज्य मार्ग, अतिवृष्टीचे पंचनामे हे राज्याचे विषय, म्हणजे आमदाराचे. पीक विमा आणि जल जीवन मिशन यांत केंद्र आणि राज्य दोघांचाही हात आहे, त्यामुळं तिथं दोघांनाही विचारता येतं. गल्लीतली गटार, दिवाबत्ती, ग्रामपंचायतीचा हिशेब यासाठी ग्रामसभा आहे. गटारीचा प्रश्न विधानसभेत नेण्याइतका मोठा होतो, तेव्हा समजावं की ग्रामसभेला कुणी गेलंच नव्हतं.

प्रश्नानं मंत्री घरी गेल्याचं उदाहरण

एका प्रश्नानं काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी १९५७ सालची गोष्ट माहीत करून घ्यावी. आयुर्विमा महामंडळ नुकतंच १९५६ साली सरकारी झालं होतं. त्यात सामान्य लोकांचे हप्ते जमा होत होते. त्यातले सव्वा कोटीच्या आसपास रुपये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवले गेले. त्या कंपन्या अडचणीत होत्या. लोकसभेत प्रश्न आले. उत्तरांनी समाधान झालं नाही म्हणून फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये हा विषय तारखा आणि आकड्यांनिशी सभागृहात मांडला. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. तरीही आपल्याच सरकारला त्यांनी सोडलं नाही. पुढं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यामार्फत उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडं सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचं नाव घेतलं जातं. दुष्काळी तालुक्यातून ते ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले. पाणी आणि शेतकऱ्याचे प्रश्न सभागृहात अभ्यास करून, नेटानं मांडत राहायचे कसे, यासाठी आजही त्यांचा दाखला देतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं उघड झाल्यानं डिसेंबर २००५ मध्ये संसदेनं ११ खासदारांचं सदस्यत्व रद्द केलं. तेव्हा ‘तुमचा प्रश्न लावून देतो, एवढे एवढे द्या’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लावा. प्रश्न विचारायला फी नसते.

आणि प्रश्नोत्तराचा तासच नसला तर काय? सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनामुळं संसदेच्या अधिवेशनात हा तास ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं मिळत होती. तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. ती नुसत्या एका तासासाठी नव्हती. मंत्र्याला उभं करून विचारायची जागा गेली, याबद्दल होती.

मग आपण काय करायचं?

१. एक विषय, एक कागद. दहा मागण्यांचं निवेदन फोटो काढण्यापुरतं होतं. एका कामाचा एक स्वच्छ कागद आमदारांच्या स्वीय सहायकाकडं द्या आणि पोच घ्या.

२. कागदात तारीख, रक्कम, कामाचं नाव, गट नंबर, योजनेचं नाव पाहिजे. ‘लई दिवस झाले’ याला अर्थ नाही. ‘अमुक तारखेला अर्ज दिला, त्याची पोच सोबत’ याला अर्थ आहे.

३. आकडे नसतील तर आधी माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा अर्ज, आणि ३० दिवसांत माहिती द्यायचं बंधन. कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दिलेली बिलं मागा.

४. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊन उपयोग नाही. सूचना आधी जातात. अधिवेशनाच्या दोन महिने आधी कागद आमदारांच्या हातात पडला पाहिजे.

५. प्रश्न लागला की नाही ते स्वतः बघा. प्रश्नांच्या याद्या आणि उत्तरं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर टाकली जातात. आमदारांचं नाव आणि विषय शोधा. तोंडी न आलेल्या प्रश्नाचंही लेखी उत्तर मिळतं का ते पाहा.

६. उत्तर चुकीचं असलं तर आठ दिवसांत आमदारांना फोटो, पोच आणि ग्रामसभेच्या ठरावासह लेखी कळवा. पुढचा प्रश्न त्यातूनच तयार होतो.

७. उत्तराची प्रत ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्या माणसानं माहिती लिहून दिली तोही तिथं बसलेला असतो. आपण जे लिहितो ते गावात वाचलं जातं, हे एकदा कळलं की पुढचं उत्तर जरा जपून लिहिलं जातं.

मतदानाच्या वेळी आपण विचारतो, आमदारानं किती निधी आणला. ते विचारलंच पाहिजे. पण त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचारा. पाच वर्षांत आपल्या तालुक्यावर किती प्रश्न लावले, आणि त्यातल्या किती आश्वासनांचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला? व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो. लेखी उत्तर मात्र वर्षानुवर्षं सरकारी दप्तरात राहतं, आणि ते मागायचा हक्क तुमचा-आमचा आहे.